स्ट्रायकरला पुढे कोण ढकलतं?

जबलपूर शहर उत्तरेकडे सरत आलं की अधारताळ लागतं आणि त्याच्याही पुढे महाराजपूर. पनागर, सिहोरा करत कटनीकडे निघालेले ट्रक, बस, ऑटो यांची या रस्त्यावर सदा वर्दळ. सकाळच्या वेळी शहरात निघालेल्या गच्च भरलेल्या बसमध्ये एखादी गाय आडवी येते, ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो आणि उभे असलेले सगळे प्रवासी एकमेकांच्या अंगावर पुढे कोसळतात. मग नेहमीची बोलाचाली. ‘भाईसाब, धक्का क्यों मारते हो?’ ‘मैंने नहीं मारा, पीछेवाले ने मारा.’ मागचा त्याच्या मागच्याकडे बोट दाखवतो. शेवटच्या माणसाच्या मागे मात्र कुणीच नसतं. मग पहिला धक्का मारला कुणी?

कुणीच नाही, हे याचं उत्तर. बस चालत होती तेव्हा आतली माणसंही बसच्याच वेगाने पुढे जात होती. ब्रेक लागला तो बसला. माणसांचे पाय फरशीला टेकलेले, त्यामुळे घर्षणाने पाय बसबरोबर थांबले. वरच्या धडाला थांबवायला काही नव्हतं, म्हणून ते आपल्या आधीच्या वेगाने पुढे जात राहिलं. धक्का बसला नाही, फक्त बस थांबली आणि माणसं थांबली नाहीत.

आता समजा, त्या गर्दीत खांबाला धरून उभी असलेली एक मुलगी डी.एल.एड. करते आहे. म्हणजे प्राथमिक शिक्षिका होण्यासाठीचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. बारावीला कला शाखा घेतलेली, विज्ञानाचा हात दहावीनंतर सुटलेला. वर्गातल्या बऱ्याच जणींची हीच कथा. आणि उद्या तिला सराव पाठ घ्यायचाय, विषय ‘बल आणि गती’. तिने पाठाचं टाचण काढलंय, रंगीत तक्ता केलाय, न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ केलेत. बसमध्ये जे घडलं त्याला ‘जडत्व’ म्हणतात, हेही तिला पाठ आहे. परीक्षेत विचारलं तर पैकीच्या पैकी मार्क मिळवील.

पण तिला कॅरमबोर्डाबद्दल विचारून बघा. स्ट्रायकर बोटाने टिचकावला. तो बोटापासून सुटला आणि पलीकडच्या कडेकडे चाललाय, अजून कशालाही लागलेला नाही. या क्षणी त्याला पुढे कोण ढकलतंय?

‘बोटाचा जोर,’ असं उत्तर येईल. बोट तर मागे राहिलं! ‘हो, पण बोटाने दिलेला जोर त्याच्यात शिरलाय ना. तो जोर हळूहळू संपत जातो आणि संपला की स्ट्रायकर थांबतो.’

तिला हसण्याआधी वाचकांनी स्वतःच्या मनात डोकवावं. बहुतेकांचं उत्तर हेच असणार. आणि ते चूक आहे. सुटलेल्या स्ट्रायकरला पुढे ढकलणारं बल उरलेलंच नसतं. पृथ्वी त्याला खाली ओढते, बोर्ड त्याला वर उचलून धरतो, या दोघांचा हिशेब मिटतो. उरतं ते घर्षण, आणि तेही मागच्या दिशेला. म्हणजे स्ट्रायकर पुढे जातो आहे आणि त्याच्यावरचं बल आहे उलटं, मागे खेचणारं. विश्वास बसत नसेल तर बोर्डावर बोरिक पावडर टाकून बघावी. बोट तेच, टिचकी तेवढीच, पण स्ट्रायकर लांब जातो. पावडरीने स्ट्रायकरमध्ये जोर भरला नाही, फक्त खेचणारा हात सैल केला. पावडर आणखी गुळगुळीत, बोर्ड आणखी लांब, असं कल्पनेत वाढवत गेलं तर शेवटी स्ट्रायकर थांबायचंच कारण उरणार नाही. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून नेमका हाच विचार केला. चालत राहायला कारण लागत नाही, थांबायला लागतं. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात पहिला नियम मांडला तो हाच. आपल्या पोरीला तो नियम पाठ आहे. तरीही स्ट्रायकर दिसला की तिचं मन त्याच्यात जोर भरतं.

हे असं का होतं? मुलगी मठ्ठ आहे म्हणून नव्हे. माणूस जन्मल्यापासून जे बघतो त्यात ढकलणं थांबलं की वस्तू थांबते. हातगाडी, पाळणा, शिवणयंत्राचं चाक, सगळ्यांचं तेच. शाळेत बल हा शब्द कानावर पडण्याआधी दहा वर्षं शरीराने हा धडा गिरवलेला असतो. आणि मोठमोठ्यांनीही तो असाच गिरवला. बाणाला सुटल्यावर मागची हवा ढकलते, असं अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत मानत. सहाव्या शतकात फिलोपोनस नावाच्या अभ्यासकाने ते खोडून काढलं आणि म्हटलं, फेकणारा आपली काही शक्ती वस्तूतच ठेवून देतो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिडाननेही तोच धागा पुढे नेला.

आपल्याकडे वैशेषिक दर्शनात प्रशस्तपादाने ‘वेग’ नावाचा एक संस्कार सांगितला आहे. धनुष्याच्या दोरीने बाणाला पहिली गती मिळते, त्या गतीतून बाणात वेग हा संस्कार उपजतो आणि तो पुढची गती चालू ठेवतो, अशी ती मांडणी. विचार अतिशय बारकाईचा आहे. मोबाइलवर अधूनमधून एक मजकूर फिरत असतो, की न्यूटनचे तीन नियम कणादाने आधीच सांगितले होते. तसं नाही. वैशेषिकांचा वेग ब्युरिडानच्या कल्पनेच्या जवळचा आहे, न्यूटनच्या नव्हे. यात कमीपणा कसला? उलट डी.एल.एड.च्या वर्गातल्या मुलीची चूक प्रशस्तपादाच्या पंगतीत बसणारी आहे, हे तिला सांगितलं तर तिची मान ताठ होईल.

गंमत अशी, की हा गैरसमज नुसतं शिकवल्याने जात नाही. १९८२ साली अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारलं, नाणं वर उडवलं, ते अजून वर जातंय, तर त्याच्यावर कोणती बलं आहेत? बहुतेकांनी वरच्या दिशेला बाण काढला. हवेचा किरकोळ अडथळा सोडला तर नाण्यावर एकच बल असतं, खाली ओढणारं. भौतिकशास्त्राचा अख्खा कोर्स झाल्यावर पुन्हा विचारलं, तरी वरचा बाण काढणारे बरेच उरले. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच साध्या प्रश्नांची एक चाचणी छापली. गणितं नाहीत, सूत्रं नाहीत. हार्वर्डच्या एरिक मझूर या प्राध्यापकांनी ती आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मला वाटतं तशी? प्राध्यापकांची झोपच उडाली. हार्वर्डमध्ये ही तऱ्हा, तर महाराजपूरच्या मुलीला बोल लावण्यात काय अर्थ!

त्यातून आपली भाषा. ‘चेंडूत काय दम आहे!’, ‘गाडीने जोर पकडला’, ‘त्याच्या हातात ताकद आहे’. घरी मराठी, शाळेत हिंदी असं वाढलेल्या जबलपूरच्या मराठी मुलांना तर दोन्ही भाषांतले जोर, बल, शक्ती, दम, वेग, चाल सगळे एकाच टोपलीत. पुस्तकातलं बल हे दोन वस्तूंच्या मधलं असतं. एक वस्तू दुसरीवर लावते ते बल. ते एखाद्या वस्तूच्या पोटात साठवून ठेवता येत नाही. पण आपण बोलतो ते साठवल्यासारखं. महाराष्ट्रात सहावीच्या पुस्तकात ‘बल व बलाचे प्रकार’ हा पाठ आहे. स्नायू बल, चुंबकीय बल, घर्षण बल ही यादी मुलं घोकतात. यादीत हा घोटाळा कुठेच सुटत नाही.

मग तो सुटतो कुठे? याचं एक उत्तर जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवरच सापडतं. नरसिंहपूर, गाडरवारा मागे टाकलं की बनखेडी आणि पिपरिया ही स्टेशनं येतात. बनखेडीजवळच्या पलिया पिपरिया गावात ‘किशोर भारती’ नावाची संस्था होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेल्या अनिल सद्गोपाल यांनी ती उभी केली. या संस्थेने आणि होशंगाबादजवळच्या रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने मिळून १९७२ साली १६ सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. तोच पुढे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम म्हणून गाजला. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात पसरला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला.

मराठी वाचकांना ठाऊक असावा असा एक धागा त्यात आहे. डून स्कूलमध्ये शिकवणारे बी. जी. पित्रे यांच्या गटाने प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवण्याची एक पद्धत तयार केली होती. टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती मुंबई महापालिकेच्या शाळांत करून पाहिली. होशंगाबादची मुळं त्या कामात आहेत. त्याच शास्त्रज्ञांपैकी वि. गो. कुलकर्णी हे पुढे १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक झाले आणि केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जाऊन खेड्यातल्या शाळांबरोबर काम केलं.

होशंगाबादची खरी करामत मुलांच्या वर्गात नव्हे, शिक्षकांच्या शिबिरात होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवडे शिक्षकांनी यायचं, आणि हे तीन वर्षं. तिथे भाषण ऐकायचं नाही. चौघाचौघांच्या टोळीने बसायचं आणि पुढे मुलांकडून जे प्रयोग करून घ्यायचे ते आधी स्वतः करायचे. पन्नाशीचे गुरुजी दोऱ्याला दगड बांधून लंबकाचे झोके मोजताहेत, शेजारी दिल्ली विद्यापीठातला प्राध्यापक मांडी घालून बसलाय आणि उत्तर सांगायला तयार नाही! दगड जड केला की झोका लवकर पुरा होईल, असा पैजेवर सांगितलेला अंदाज मोजल्यावर खोटा ठरतो. लांबी बदलली तर वेळ बदलते, वजनाने नाही. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत प्रयोग असत, प्रश्न असत, उत्तरं नसत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. सुई नसेल तर बाभळीचा काटा. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराच्या रजेवर इथेच आले आणि बनखेडीच्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीत काडेपेटीच्या काड्या खोचून त्यांनी भूमिती उभी केली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत महाराष्ट्रातल्या मुलांनी जी खेळणी पाहिली त्यांचा जन्म तिथला.

सुमारे हजार शाळांपर्यंत पोचलेला हा कार्यक्रम २००२ साली मध्य प्रदेश सरकारने बंद केला. मंडळाच्या परीक्षेतले निकाल, राज्यभर एक पुस्तक, असे वाद झाले. वाद काही का असेना, वर्षानुवर्षं उभी राहिलेली शिक्षकांना घडवायची एक व्यवस्था त्या एका आदेशात मोडली, हे नुकसान मोठं आहे.

वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमट यांनी प्राथमिक शिक्षकांसाठी असाच अभ्यासक्रम सत्तरच्या दशकापासून चालवला. तिथेही पद्धत तीच: आधी अंदाज सांगा, लिहून ठेवा, मग करून बघा, मग भांडा. अंदाज लिहून ठेवणं महत्त्वाचं. नाहीतर प्रयोग झाल्यावर प्रत्येकाला वाटतं, मला हे आधीच माहीत होतं.

एक नमुना पाहू. टेबलावर पुस्तक ठेवलंय. टेबल पुस्तकाला वर ढकलतं का? भावी शिक्षकांच्या वर्गात विचारलं की ‘छे! टेबल काय ढकलणार? ते फक्त आडवं आलंय’ असंच ऐकू येतं. मग पुस्तक तळहातावर घ्यायला सांगायचं. हात ढकलतो का? हो, दुखायला लागतो. आता गादीवर ठेवा. गादी दबते आणि वर रेटते, हे पटतं. दोन विटांवर पातळ फळी टाकून तिच्यावर पुस्तक ठेवा. फळी जराशी वाकते. थोडी जाड फळी घ्या, कमी वाकते. आता वर्गात वाद सुरू होतो, की फळी ढकलते तर टेबल का नाही? टेबल वाकतं तरी कुठे? अमेरिकेतले शाळामास्तर जिम मिनस्ट्रेल यांनी टेबलावर आरसा ठेवून त्यावर उजेडाची तिरीप पाडली आणि टेबलावर भार टाकला. समोरच्या भिंतीवरचा कवडसा सरकला. टेबलही वाकतं! हा सगळा खटाटोप एका वाक्यासाठी. पण ते वाक्य मग पाठ करावं लागत नाही.

जबलपूरच्या मुलीला तर यासाठी आरसाही नको. मदन महालच्या टेकडीवर तो प्रसिद्ध तोललेला दगड आहे, बॅलन्सिंग रॉक. हत्तीएवढा धोंडा खालच्या खडकाला टीचभर जागेत टेकलेला. सहलीला आलेली प्रत्येक शाळा तिथे फोटो काढते. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरलं, घरं पडली, माणसं दगावली. दगड जागचा हलला नाही. ‘देवाची करणी’ म्हणून गाडी पुढे जाते. तिथे दहा मिनिटं मुलांना थांबवून विचारलं, या दगडावर किती बलं आहेत? ‘एकही नाही, तो तर नुसता उभा आहे,’ असं कुणी ना कुणी म्हणेलच. पृथ्वी एवढ्या वजनाने खाली ओढते आहे आणि खालचा खडक तेवढ्याच नेटाने वर रेटतो आहे, आणि वजनाची रेघ त्या टेकलेल्या जागेतूनच खाली जाते, म्हणून तो उभा आहे. स्वस्थ दिसणाऱ्या दगडात एवढी झटापट चाललेली असते.

आजच्या पदविकेत हे व्हायला वाव नाही असं नाही, वेळ नाही. बालमानसशास्त्र, भाषा, गणित, पर्यावरण, सराव पाठ, फायली. विज्ञानाच्या वाट्याला येणाऱ्या तासांत बल आणि गतीला मिळणार किती? पाठ-निरीक्षणाला आलेले सर तक्ता बघतात, फळ्यावरचं अक्षर बघतात, मुलांनी हात वर केले का ते बघतात. शिक्षिकेच्या मनात स्ट्रायकरमध्ये जोर शिरलाय की नाही, हे कोण बघणार? आणि सहावीतला एखादा मुलगा उठून ‘मॅडम, मग चेंडू आपोआप का थांबतो?’ असं विचारतो, तेव्हा ती गोंधळते आणि ‘पुस्तकात दिलंय, वाच’ म्हणून त्याला खाली बसवते. चूक सांगण्यापेक्षा हे वाईट. तो मुलगा पुढच्या वेळी हात वर करत नाही.

हे काम घरीही होऊ शकतं, फक्त आईवडिलांनी उत्तर सांगायची घाई करू नये. हातात चेंडू घेऊन मुलाला खोलीभर सरळ, एका चालीने चालायला सांगावं आणि न थांबता, न फेकता चेंडू नुसता सोडायचा. कुठे पडेल? सोडला त्या जागी, मागे, की पुढे? आधी घरातल्या सगळ्यांनी अंदाज कागदावर लिहायचा, आजोबांनीसुद्धा. मायकेल मॅक्लॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना असंच विचारलं होतं, तेव्हा चेंडू सरळ खाली पडेल म्हणणारे पुष्कळ निघाले. चेंडू पुढे जात जात पडतो, चालणाऱ्याच्या पायाशीच.

आपली महाराजपूरची मुलगी सुट्टीत धाकट्या भावाला घेऊन आत्याकडे पिपरियाला निघाली आहे असं समजू. गाडीने नरसिंहपूर सोडलंय आणि चांगला वेग घेतलाय. भाऊ खिशातून रुपयाचं नाणं काढतो.

‘ताई, मी हे वर उडवलं तर मागच्या बाईंच्या डब्यात पडेल ना? तोवर गाडी पुढे गेलेली असणार.’

गेल्या महिन्यातली ताई म्हणाली असती, ‘नाही रे, जडत्वामुळे नाही पडणार.’ ही ताई म्हणते, ‘तुला काय वाटतं ते आधी सांग.’

‘मागे पडेल.’

‘मग उडव.’

नाणं वर जातं आणि परत त्याच्या तळहातावर येतं. तो पुन्हा उडवतो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आणखी उंच, पंख्याला लागेल इतकं. समोरच्या बाकावरचे आजोबा पेपर बाजूला ठेवून बघायला लागतात.

‘ताई, आणि नाणं वर असताना गाडीने ब्रेक मारला तर?’

ती क्षणभर विचार करते. मग खिडकीबाहेर बघते. गाडरवारा यायला अजून थोडा वेळ आहे.

‘स्टेशन येऊ दे,’ ती म्हणते, ‘नाणं तयार ठेव.’